भटूअण्णांनी ब्रश ठेवला

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी भटूअण्णा बोरसे या फोटोग्राफरांचं नाव घेतो. विचारणाऱ्याला ते चमत्कारिक वाटतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तेव्हा मी वडिलांचं नाव घेईन, किंवा साक्रीच्या शाळेत सुट्टीतही गणित शिकवणाऱ्या आमच्या सरांचं, अशी लोकांची अपेक्षा असते. त्या दोघांचे उपकार आहेतच. त्यांच्यामुळे मी बी.एस्सी. झालो आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. पण माझी मुलगी आज आहे, ती भटूअण्णांमुळे आहे.

अण्णा आमच्याच भागातले, धुळ्याकडचे. सिल्वासात कारखाने यायला लागले तेव्हा गावाकडची पोरं कामाला आली आणि त्यांच्या मागोमाग अण्णा आले. त्यांचा हिशोब सरळ होता. पोरं येणार, मग त्यांची लग्नं होणार, मग लेकरं होणार, आणि लेकरांचे फोटो गावाला आजी-आजोबांकडे जाणार. किलवणी नाक्याजवळ त्यांनी एक गाळा घेतला आणि पहिल्याच आठवड्यात मालकाला न विचारता उत्तरेकडच्या भिंतीत खिडकी पाडली. मालक आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, सगळे फोटोवाले खिडक्या बुजवून घेतात, आणि तू पाडतो?"

"सूर्य फुकट येतो, त्याला दार नको का?" अण्णा म्हणाले.

अण्णा बुटके, जाड मानेचे होते आणि केस नेहमी तेल लावून मागे बसवलेले. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या दोन्ही कोपरांना खाकी कापडाची ठिगळं होती. मला आधी वाटलं, गरिबी. पण शर्ट नवा असला तरी ठिगळं असायचीच. त्यांची बायको कमलवैनी शर्ट शिवून आला की आधी कोपरांना ठिगळं लावायच्या आणि मगच तो त्यांना घालायला द्यायच्या. कारण अण्णा लहान मुलांचे फोटो कायम पालथं पडून काढायचे. "वरून फोटो काढला की पोर लहान दिसतं," ते म्हणायचे. "पोर लहान नसतं. आपण उंच असतो."

माझी त्यांची ओळख झाली ती योगितामुळे. ती चार महिन्यांची असेल. आई गावाला गुडघ्यांनी अडकलेली, तिला नात बघायला येणं शक्य नव्हतं, आणि एवढ्या लहान पोरीला घेऊन आम्ही एस.टी.चा प्रवास टाळत होतो. म्हणून फोटो. रेखानं, माझ्या बायकोनं, योगिताला अंघोळ घालून, काजळ-तीट लावून, पावडरीनं पांढरीफटक करून आणलं होतं. अण्णांनी पोरीकडे पाहिलं आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "वैनी, पोर शे का पिठाना गोळा?" पोर आहे की पिठाचा गोळा?

रेखा हिरमुसली. "फोटोत काळी येते हो अण्णा."

"काळी येत नाही. फोटोवाला उजेड कमी देतो, म्हणून येते. सावळ्या पोराला उजेड जास्त द्यायचा, पावडर नाही. पावडर नुसती चमकते, खालचं नाक-गाल सगळं पुसून टाकते." त्यांनी ओलं फडकं पुढे केलं. तीट मात्र ठेवू दिली. "ती असू द्या. ती खरी आहे."

मग त्यांनी विचारलं, पोर कधी प्यायलं, कधी झोपून उठलं. रेखानं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता नको. फिरून या. घटकाभर झोप होऊ द्या." आम्ही नदीपर्यंत जाऊन आलो. तेव्हा कुठे त्यांनी खिडकीखाली गोधडी टाकली, समोरच्या बाजूला पांढरी चादर ताणून बांधली म्हणजे खिडकीतला उजेड परत फिरून सावलीच्या गालावर पडेल, आणि मला दाराबाहेर काढलं. "पोराजवळ एकच माणूस. दोन झाले की पोर कोणाकडे बघेल?"

मी दाराच्या फटीतून पाहत होतो. कॅमेऱ्याला त्यांनी एक दोरा बांधला होता आणि दोऱ्याला गाठी मारलेल्या होत्या. दोरा पुढे नेऊन गाठ योगिताच्या डोळ्यापाशी टेकवली, भिंगावरचा आकडा त्या गाठीला लावला आणि दोरा गुंडाळला. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्यातून फारसं पाहिलंच नाही. पोरीकडे पाहत राहिले. पालथे, कोपरांवर. खुळखुळा नाही, शिट्टी नाही. खिशातून एक काडेपेटी काढली आणि ती हळूहळू उघडू लागले. योगिताचे हातपाय चालूच होते. पेटी अर्धी उघडली तसे ते थांबले. तिचेही थांबले. पेटीत काय आहे ते ती बघायला लागली, आणि तेवढ्यात खट् झालं.

"पोर हालीच," ते उठत म्हणाले. "आपीन हालानं नही." पोर हलणारच, आपण हलायचं नाही. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की कारखान्यात माझ्या हाताखालची पोरं घाबरून इकडेतिकडे पळायला लागली की मीही तेच म्हणू लागलो.

तो फोटो आईनं देवाशेजारी लावला. तिनं निरोप पाठवला की पोरीच्या पापण्या मोजता येतात.

तेव्हापासून मी कामावरून परतताना अण्णांच्या गाळ्यावर टेकायला लागलो. मी बाहेरच्या बाकावर बसायचो, शेजारच्या छगनकाकांच्या टपरीवरून चहा यायचा. छगनकाका गुजराती. अण्णा आत पालथे पडून वाट बघत असले की ते टपरीतून ओरडायचे, "शुं अण्णा, छोकरो ऊंघी गयो के तमे?" पोरगं झोपलं की तुम्हीच? अण्णा आतून उत्तर द्यायचे नाहीत. खट् ऐकू आलं की मग, "चहा पाठव रे, मी गप्प बसल्याचा!"

एकदा पुण्याचे एक मॅनेजर साहेब तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. साहेबांच्या स्वतःच्या गळ्यात चांगला कॅमेरा होता. त्यांनी काढलेले मुलाचे सगळे फोटो हललेले आले होते. ते आणि बाई दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होते, "स्माईल कर, बाळा, स्माईल!" आणि बाळ ओठ फाकून दात दाखवत होतं, जसं डॉक्टरला दाखवावं तसं. अण्णांनी दोघांना चहाला पाठवलं. मुलाला म्हणाले, "हसू नको. मला ही पेटी उघडता येत नाहीये, बघ बरं." फोटो आला तो मुलाच्या गंभीर, अर्धवट उघड्या तोंडाचा. बाई म्हणाल्या, "पण हसला नाही." साहेबांनी मात्र फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "हा घरी असाच दिसतो."

खानवेलकडून बाजाराच्या दिवशी बसनं आदिवासी जोडपी यायची. वर्षाच्या आतलं मूल एकटं फोटोत घ्यायचं नाही, असं त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं म्हणणं असायचं. इतर फोटोवाले वाद घालायचे, नाहीतर फोटो छापताना आईचा हात कापून टाकायचे. अण्णा आईला गोधडीमागे बसवायचे आणि तिचा बांगड्या भरलेला हात मुलाच्या कमरेशी तसाच फोटोत ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "हात असला की पोर धीर धरतं, हलत नाही. त्यांची रीत, आणि काम माझं सोपं."

एवढं सगळं सांगितलं, पण अण्णांना स्वतःला अभिमान होता तो भलत्याच गोष्टीचा. त्यांच्या ब्रशचा. फोटोच्या कागदावर धुळीच्या कणानं पांढरा ठिपका येतो. तो बारीक ब्रशनं शाई लावून असा भरायचा की भिंगाखालीही कळू नये. नवरीच्या गालावरचा व्रण, नवरदेवाच्या दातांतली फट, सगळं त्या ब्रशखाली जायचं. फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांच्या बाहुल्या लाल येतात, त्याही ते एकेक काळ्या करायचे. मांडीवर पाटी, पाटीवर फोटो, दातांत ब्रशची शेपटी. "देवाचं राहिलेलं मी पुरं करतो," असं म्हणून हसायचे. गावातले लोक त्यांना ब्रशवाले अण्णाच म्हणायचे.

योगिताच्या उष्टावणाला आम्ही अण्णांना घरी बोलावलं. संध्याकाळची वेळ, एक दिव्याची खोली, खिडकी कुठली आणायची? अण्णांना फ्लॅश आवडायचा नाही, पण त्या दिवशी त्यांनी तो कॅमेऱ्यावर चढवला. रंगीत रोल वापीला धुवायला जायचा. आठवड्यानं फोटो आले, सुरेख. योगिताच्या ओठाला खीर लागलेली, डोळे काळेभोर. तोही आईकडे गेला.

तिच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा तसंच झालं. पुन्हा फ्लॅश, पुन्हा रोल वापीला. पण या वेळी फोटो लवकर मिळेनात. मी गाळ्यावर विचारायला गेलो तर अण्णा म्हणाले, "अजून आले नाहीत." ते माझ्याकडे न बघता बोलले, हे मला नंतर आठवलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. कमलवैनीही बरोबर होत्या. चहा नको म्हणाले. योगिता फरशीवर वाटी आपटत बसली होती. अण्णा तिच्यासमोर पालथे पडले, काडेपेटी काढली आणि रेखाला म्हणाले, "वैनी, तिचा डावा डोळा हातानं झाका जरा." रेखानं झाकला. योगिता पेटीकडे बघत राहिली. "आता उजवा." रेखानं उजवा झाकला, तशी योगिता किंचाळून रडायला लागली आणि रेखाचा हात ओढू लागली. पुन्हा डावा झाकला, गप्प. पुन्हा उजवा, रडं.

अण्णा उठून बसले. त्यांनी पिशवीतून दोन फोटो काढले. उष्टावणाचा आणि वाढदिवसाचा, दोन्ही नव्यानं छापलेले, ब्रश न लावलेले. दोन्हींत उजवी बाहुली लाल होती. डावी पांढरी होती, मांजराच्या डोळ्यासारखी.

"पहिल्या वेळी मला वाटलं, फ्लॅश चमकला," ते म्हणाले. "नेहमीसारख्या दोन्ही काळ्या केल्या. या वेळी ब्रश बुडवला आणि हात थांबला. तोच डोळा, तोच ठिपका. धूळ दोनदा एकाच जागी बसत नाही. जुनी निगेटिव्ह काढून पाहिली." मग म्हणाले, "भाऊ, मन्हाकडतून चूक व्हयनी." माझ्याकडून चूक झाली.

आम्हाला अजून काय झालंय तेच कळत नव्हतं. चूक कसली, तेही कळत नव्हतं.

त्याच दिवशी वलसाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, आत पाहिलं आणि मुंबईची चिठ्ठी लिहून दिली. अण्णा वलसाडला बरोबर होते, मुंबईलाही आले. मला मुंबईतलं काही माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. पण केसपेपरच्या रांगेत ते उभे राहिले म्हणून मी योगिताला घेऊन बसू शकलो. डोळ्याच्या पडद्यावर गाठ होती. डॉक्टर स्पष्ट बोलले. डोळा काढावा लागेल. गाठ अजून डोळ्याच्या बाहेर गेलेली दिसत नाही, दुसरा डोळा चांगला आहे. आता काढला तर मुलगी वाचेल. वाट पाहिली तर ती मेंदूपर्यंत जाते.

मी सही केली.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले. रेखा खाली बसून रडायला लागली. तेव्हा अण्णा पुढे झाले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, सहा महिने आधी कळलं असतं तर डोळा राहिला असता का?"

डॉक्टरांना काय घडलं होतं ते माहीत नव्हतं. त्यांनी सरळ उत्तर दिलं, "सांगता येत नाही. कदाचित राहिला असता. कदाचित नसता."

परत आल्यावर लोकांच्या लक्षात आलं की अण्णांनी ब्रश लावणं बंद केलं आहे. फोटो जसा येईल तसा. गिऱ्हाईक चिडायचं. एक वधूपिता येऊन गरजला, "मुलीच्या गालावर व्रण दिसतोय! तुम्ही ब्रशवाले ना?"

"व्रण गालावर आहे. तो मी काढलेला नाही," अण्णा म्हणाले.

"मग लपवायला काय जातं तुमचं?"

वधूपित्यानं फोटो दुसरीकडून काढून घेतले. असे बरेच गेले. गाळ्यात गर्दी उरली ती लहान मुलांची, आणि त्यातही अण्णा प्रत्येक फोटो पालकांच्या हातात द्यायच्या आधी भिंग लावून दोन्ही डोळे पाहत बसायचे. छगनकाकांना वाटायचं, म्हातारपण आलं. कमलवैनी मला हळूच म्हणाल्या, "रात्री झोपेत बोलतात. कदाचित, कदाचित, एवढंच."

रेखाच्या मनात सुरुवातीला राग होता, तो मी लपवणार नाही. "त्यांनी ती शाई लावली नसती तर," असं ती एकदोनदा म्हणाली. मग एक दिवस योगिता चालता चालता दाराच्या चौकटीला धडकली, उठली आणि हसत पुढे गेली. त्या संध्याकाळी रेखानं भरल्या वांग्यांचा डबा केला आणि स्वतः अण्णांकडे घेऊन गेली.

राग गेला, पण अण्णा बदलले ते बदललेच. योगिताला काचेचा डोळा बसवला, ती शाळेत जाऊ लागली. अण्णा तिला पेरू आणून द्यायचे, तिच्याशी पत्ते खेळायचे. पण त्या वाढदिवसानंतर त्यांनी तिचा एकही फोटो काढला नाही. शाळेच्या दाखल्याला लागायचा तेव्हा कधी कॅमेरा दुरुस्तीला असायचा, कधी उजेड बरोबर नसायचा, कधी त्यांना वापीला जायचं असायचं. आम्ही दुसरीकडून काढून घ्यायचो. तो फोटोवाला तिला मान वळवायला सांगायचा, म्हणजे डावी बाजू झाकली जाईल.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रंगीत फोटोंची यंत्रं सिल्वासातच आली, तासाभरात फोटो मिळायला लागले, आणि अण्णांनी गाळा सोडून गावी परतायचं ठरवलं. मी आणि योगिता त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेलो. पाय दुखत होता म्हणून कमलवैनी आधीच आत जाऊन बसल्या होत्या. अण्णा ट्रंक टपावर चढवून खाली उतरले. योगिता तेव्हा अकरा वर्षांची, तोंडाची फटकळ. तिनं विचारलं, "काका, तुम्ही सगळ्या गावाच्या पोरांचे फोटो काढले, माझेच का नाही?"

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कंडक्टरनं घंटी मारली, आणि बहुधा त्यांना बरंच वाटलं. ते वळून चढले. गर्दीतून खिडकीपर्यंत येईतो बस नाक्यावर वळली होती. मला त्यांचं फक्त खाकी ठिगळाचं कोपर दिसलं, खिडकीच्या गजावर टेकलेलं.

महिन्याभरानं मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं:

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. कमलवैनींच्या पायाला आता बरं असेल.

बसस्टँडवर योगितानं विचारलेला प्रश्न तुम्हाला लागला असणार. तिला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. दोन्ही फोटो दाखवले. तिनं ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, "मग दुसऱ्या वेळीही काळं का नाही केलं?" मी म्हणालो, ते तू त्यांनाच विचार.

अण्णा, डॉक्टरांच्या त्या 'कदाचित'ला माझ्याकडे उत्तर नाही. मी शिकलेला माणूस आहे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. डोळा राहिलाही असता. पण तो डोळा मी रोज बघत होतो, रेखा रोज त्यात काजळ घालत होती. आम्हाला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं, आणि दिसल्यावर तुम्ही आमच्या दारात येऊन सांगितलंत. न सांगता शाईचा एक ठिपका लावला असतात तर आम्हाला कधीच कळलं नसतं, आणि हे पत्र लिहायला मी आज कुठल्या अवस्थेत असतो, याचा विचार मी करू शकत नाही.

पोरीला शाळेच्या स्पर्धेसाठी फोटो हवा आहे. मान न वळवता, समोरून हवा आहे. तिचं म्हणणं आहे की तो तुम्हीच काढावा. या रविवारी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गावाला येतो आहोत. वैनींना जेवणाची खटपट करू देऊ नका, रेखा पुरणपोळ्या करून आणते आहे.

फोटो काढायचा नसेल तर तसं तिला तुमच्या तोंडानं सांगा. मी मध्ये पडणार नाही.

आपला,
देवरे